हरिश्चंद्र पुन्हा पुन्हा का सांगावा?

(नाशिक येथील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘चित्रपट पुरस्कार आणि रिमेकचे पेव’ हा विषय दिला, तेव्हा हा विषय मुंबईत बोलण्याचा, नाशिकमध्ये कशाला, असे एका मित्राने मला विचारले. मी त्याला म्हणालो, अरे बाबा, भारतात हा विषय बोलण्याचा पहिला अधिकार जर कोणत्या गावाला असेल तर तो नाशिकलाच आहे. देशातील चित्रपटविषयक सर्वोच्च सन्मान ज्यांच्या नावाने दिला जातो, ते धुंडिराज गोविंद फाळके इथून अठ्ठावीस-तीस किलोमीटरवर, त्र्यंबकेश्वरी, ३० एप्रिल १८७० रोजी जन्मले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी याच नाशिकमध्ये त्यांनी देह ठेवला. शिवाय या देशातील पहिला रिमेक कोणी केला, असे विचाराल तर त्याचेही उत्तर बहुधा तेच आहे.

हे ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. म्हणून आधी तीच हकीकत सांगतो.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला, हे आपण शाळेच्या पुस्तकातून वाचलेले आहे. त्यामागचे कष्टही आपल्याला ठाऊक आहेत. विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायतेला जाणे, परत आल्यावर भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून वाटाण्याच्या अंकुराची वाढ कॅमेऱ्याने टिपून दाखवणे, तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना म्हणून साळुंके यांना लुगडे नेसवणे, आणि साऱ्या चमूचा स्वयंपाक सांभाळून रात्री फिल्म धुण्याच्या कामाला उभ्या राहणाऱ्या सरस्वतीबाई. चित्रपट चालला. त्याच वर्षी फाळके यांनी आपला बाडबिस्तरा नाशिकला हलवला आणि पुढे १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी इथेच उभी राहिली. पण मधल्या काळात ‘राजा हरिश्चंद्र’ची मूळ प्रत आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. तेव्हा फाळके यांनी १९१७ साली तीच कथा पुन्हा चित्रित केली, ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावाने. पुढे १९३२ साली प्रभात कंपनीने मराठीतील पहिला बोलपट काढायचा ठरवला, तेव्हा शांतारामबापूंनी कोणती कथा निवडली? ‘अयोध्येचा राजा’! पुन्हा हरिश्चंद्रच! गोविंदराव टेंबे राजा आणि दुर्गाबाई खोटे तारामती.

म्हणजे वीस वर्षांच्या आत एकच कथा तीन वेळा पडद्यावर आली आणि तीनही वेळा ती आली याचा आपल्याला आनंद आहे. मग आज एखादा निर्माता जुनी कथा पुन्हा काढतो तेव्हा आपण नाक का मुरडतो? हा प्रश्न टाळून रिमेकवर टीका करण्यात काही अर्थ नाही. मुळात आपली संस्कृती ही पुनःपुन्हा सांगण्याची संस्कृती आहे. एकनाथांनी रामायण सांगितले, समर्थांनी सांगितले, मोरोपंतांनी तर ते किती परींनी सांगितले त्याची गणती करावी लागते. कोणी कधी म्हटले का, की अहो, हे आम्ही ऐकले आहे?

याचे उत्तर मला कीर्तनात सापडते. आपल्यापैकी जे गोदाकाठच्या मंदिरांतून नारदीय कीर्तने ऐकत वाढले, त्यांना पूर्वरंग आणि उत्तररंग हे शब्द सांगायला नकोत. उत्तररंगातले आख्यान श्रोत्याला पाठ असते. ध्रुवाचे काय होणार, हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही माहीत असते. बुवांची परीक्षा होते ती पूर्वरंगात. कोणता अभंग घेतला, त्याचे निरूपण कसे केले आणि त्या निरूपणाला हे जुने आख्यान कसे नेऊन जोडले, यावर श्रोता ठरवतो की बुवा पुढच्या वर्षी बोलवायचे की नाही. आजचा बहुतांश रिमेक म्हणजे पूर्वरंग गाळून केलेले कीर्तन आहे. आख्यान दुसऱ्याकडून विकत आणले, टाळ-मृदंग अधिक महागाचे आणले, मंडप मोठा घातला; पण हे आख्यान आज, या गावात, या लोकांना मी का सांगतो आहे, याचे उत्तर बुवांकडे नाही. फाळके यांच्याकडे ते होते. पहिल्या वेळी विलायती पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र पाहून आपले देव या पडद्यावर कधी दिसतील, ही तळमळ होती. दुसऱ्या वेळी जळून गेलेले परत उभे करायचे होते. आणि शांतारामबापूंच्या वेळी तर मुका हरिश्चंद्र बोलू लागणार होता, तोही मराठीत!

आता आपल्या अगदी जवळचे उदाहरण घेऊ. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ साली आला. त्यातील प्रत्येक विचार आपल्याला पटलाच पाहिजे असे नाही. माझ्या परिचयातील अनेक घरांतून त्यावर कडाक्याचे वाद झाले. पण तो चित्रपट करमाळ्याच्या मातीत रुजलेला होता. ती विहीर, तो ऊस, ते गावचे क्रिकेटचे सामने, पाटलाच्या घरातील मुलीची बुलेटवरची ऐट आणि तिच्यावर जीव टाकणारा पारधी समाजातील मुलगा. यातील एकही गोष्ट बाजूला काढता येत नाही, कारण शेवटच्या दृश्यातील तो भीषण प्रकार या सगळ्यातून अटळपणे उगवतो. जातिभेदाची कीड अद्याप जिवंत आहे, हे ज्यांना समरसतेचे काम करताना गावोगावी दिसते, त्यांना त्या शेवटाने अस्वस्थ केले असणार.

दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, याचा हिंदी अवतार ‘धडक’ आला. कथा उचलून उदयपूरला नेली. तलाव आले, हवेल्या आल्या, कपडे आले. अजय-अतुल यांचे संगीतही आले. गेले काय? तर त्या दोघांच्या मधली भिंतच गेली. जातीचा उल्लेख तोंडी लावण्यापुरता उरला. मग ही मुले घरातून पळतात कशाला आणि अखेरीस त्यांच्यावर तो प्रसंग ओढवतो कशाला, हे प्रेक्षकाने ‘सैराट’ आठवून समजून घ्यायचे! ज्या कथेचा कणा काढून घेतला, तिला कितीही भरजरी शालू नेसवला तरी ती उभी कशी राहणार? कन्नड आणि पंजाबीतही ‘सैराट’ची रूपे २०१७ मध्ये येऊन गेली. त्यांची आठवण आज किती जणांना आहे?

मात्र हिंदीवाले मराठीतून काही घेतात म्हणजे वाटोळेच करतात, असे मी म्हणणार नाही. ते खोटे ठरेल. राजाभाऊ परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ चा. त्यावरून राज खोसला यांनी १९६६ मध्ये ‘मेरा साया’ केला आणि तो उत्तम केला. ‘मुंबईचा जावई’वरून बासू चटर्जी यांनी ‘पिया का घर’ केला. चाळीतील त्या नवपरिणीत जोडप्याची कोंडी त्यांना उमगली होती, म्हणून तो चित्रपट आजही जवळचा वाटतो. आपल्या बाजूनेही पाहा. सचिन पिळगांवकर यांचा १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’! तुमच्या घरात तो किती वेळा पाहिला गेला असेल ते विचारत नाही, कारण तो आकडा ऐकून अध्यक्ष महोदय घड्याळाकडे पाहतील. (हशा) हा चित्रपट हृषिकेश मुखर्जी यांच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून घेतला आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? पाहा, चारच हात वर झाले. घेतलेली वस्तू इतकी आपली करून टाकली की मूळ मालकाचा विसर पडावा! पुण्यात भाड्याची खोली शोधणाऱ्या मराठी मुलाची ती कथा झाली. निशिकांत कामत यांचेही असेच. मल्याळममधील ‘दृश्यम’ त्यांनी २०१५ साली हिंदीत आणला आणि तो गोव्यात नेऊन साळगावकरांच्या घरात असा काही बसवला की केबल टीव्हीचा धंदा करणारा तो चित्रपटवेडा बाप आपल्याच शेजारचा वाटतो. हा गुणी दिग्दर्शक २०२० मध्ये अकाली गेला.

आणि नाशिकच्या श्रोत्यांसमोर ‘नटसम्राट’चे नाव न घेता हा विषय पुढे नेणे म्हणजे अपराध होईल. तात्यासाहेब शिरवाडकरांनी शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’ समोर ठेवला होता. पण १९७० साली डॉ. श्रीराम लागू रंगमंचावर उभे राहिले तेव्हा प्रेक्षकांना दिसला तो ब्रिटनचा राजा नव्हे, तर रंगभूमीवरून निवृत्त झालेला, भविष्यनिर्वाह निधी मुलांत वाटून टाकणारा मराठी मध्यमवर्गीय बाप. राज्य वाटून टाकणारा राजा आपल्याकडे कोणाच्या ओळखीचा नव्हता. फंड वाटून टाकणारे आप्पा बेलवलकर मात्र गल्लीगल्लीत होते आणि आजही आहेत. ही किमया करायला शेक्सपिअर आणि नाशिकचा मध्यमवर्ग, दोन्ही तळापासून ठाऊक असावे लागतात.

मग आज हे का होत नाही? बुद्धी आटली, असे मी मानत नाही. कारण हिशेबाचे आहे. चित्रपटाचा खर्च वाढला, त्यातील मोठा वाटा नायकाच्या मानधनात जाऊ लागला, तसा गुंतवणूकदार विचारू लागला: ‘हे चालेल कशावरून?’ नव्या कथेकडे याला उत्तर नसते. दक्षिणेत चाललेल्या चित्रपटाकडे असते. त्याच्या गल्ल्याचा कागदच दाखवता येतो. म्हणून हक्क विकत घ्यायचे. बरे, हा हिशेब काही वर्षे जमलाही. पण त्यात एक गृहीत होते: मराठी किंवा हिंदी प्रेक्षकाने मूळ चित्रपट पाहिलेला नसणार. ते गृहीतच कोसळले. दक्षिणेचे चित्रपट हिंदीत रूपांतरित होऊन दूरचित्रवाणीवर दिवसभर लागतात, मोबाइलवर तळटिपांसह दिसतात. ‘अला वैकुंठपुरमुलू’ हा तेलुगू चित्रपट हिंदी संवादांसह लोकांनी २०२२ मध्ये घरबसल्या पाहिला आणि त्याचा रिमेक ‘शहजादा’ २०२३ मध्ये तिकीट लावून आला! मग दुसरे काय होणार? ‘विक्रम वेधा’, ‘जर्सी’, ‘सेल्फी’, एकामागून एक आपटले. प्रेक्षकाने कोणतीही चळवळ केली नाही, निवेदन दिले नाही. तो फक्त गेला नाही.

आता पुरस्कारांकडे वळतो.

पुरस्कार कशासाठी असतो? माझ्या मते त्याचे एकच खरे काम आहे: जे लोकांपर्यंत आपण होऊन पोहोचणार नाही, त्याच्याकडे बोट दाखवणे. ज्याला शंभर कोटींचे यश मिळाले त्याला बाहुली देऊन तुम्ही समाजाला नवे काय सांगितले? १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक द्यायचे होते तेव्हा ते आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. एका मराठी खेड्यातील दरिद्री घराची, मुलाला वळण लावणाऱ्या आईची कथा साऱ्या देशापुढे धरली गेली. (ते मूळ पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिले, हे मुद्दाम सांगतो, नाशिकची पोरे द्राक्षे आणि कुंभमेळ्याच्या पलीकडे काही सांगत नाहीत अशी माझी तक्रार आहे.) त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मराठीत यायला संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ची वाट पाहावी लागली. पन्नास वर्षे! दृष्टी जाणाऱ्या नातवाला जग डोळे भरून दाखवू पाहणारा आजोबा. नट नामांकित नाहीत, नाच नाही. त्या पुरस्काराने बोट दाखवले आणि महाराष्ट्र चित्रपटगृहात गेला. पुढे ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली. परदेशातील प्रचाराला पैसे नव्हते, तर लोकांनी वर्गणी काढली. आपल्या नाशिकमधील एका शाळेच्या मुलांनी सणाचे दिवे करून विकले आणि ते पैसे पाठवले. ऑस्कर मिळाले नाही, नामांकनही नाही. पण ज्या चित्रपटासाठी शाळकरी मुले दिवे विकतात, त्याला मिळालेल्या मानाचे मोल कोणत्या चकचकीत सोहळ्यात होईल?

तेव्हापासून ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’ यांनीही तो मान मिळवला. यातील ‘कोर्ट’ची वैचारिक भूमिका माझ्या पचनी पडत नाही, पण परीक्षकांनी आपल्या रुचीने काहीतरी निवडले, टाळ्यांचे मोजमाप केले नाही, एवढे मी मान्य करतो. राष्ट्रीय पुरस्कारांची अब्रू याच गोष्टीत आहे. तिला धक्का लागतो तेव्हा म्हणूनच अधिक वाईट वाटते. ३ मे २०१८ चा प्रसंग आठवा. ‘राजा हरिश्चंद्र’च्या प्रदर्शनाचा हा दिवस. राष्ट्रपतींच्या हस्ते फक्त अकरा पुरस्कार दिले जातील आणि उर्वरित मंत्री देतील, असे कलावंतांना ऐनवेळी कळले आणि पन्नासहून अधिक विजेते सोहळ्याला गेलेच नाहीत. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून याविषयी गप्प बसावे, असे मला वाटत नाही. गावाकडून आई-वडिलांना घेऊन आलेला ध्वनिमुद्रक राष्ट्रपतींच्या हातून पदक घ्यायला आलेला असतो. ते निमंत्रणात असते तर प्रश्न नव्हता.

आणि खासगी पुरस्कार? १९५४ साली फिल्मफेअरने पाच पारितोषिके दिली होती आणि ‘दो बीघा जमीन’ला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवले होते. पाच! आज एका सोहळ्यातल्या पारितोषिकांची नावे वाचून दाखवायची तर सूत्रसंचालकाला पाणी प्यावे लागते. हे सोहळे दूरचित्रवाणीसाठी असतात, जाहिरातदारांसाठी असतात. जो तारा नाचायला येणार त्याच्यासाठी काहीतरी बाहुली शोधावीच लागते; मिळाली नाही तर नवा विभाग उघडायचा. हे मी ऐकीव सांगत नाही. फार वर्षांपूर्वी एका लहानशा पुरस्काराच्या निवड समितीवर पत्रकार म्हणून मलाही बोलावले होते. नाव घेण्यात स्वारस्य नाही, आता तो पुरस्कारही उरलेला नाही. आम्ही मतदानाला बसलो तेव्हा आयोजकांनी चहाबरोबर एक कागद फिरवला: कोणकोण कलाकार उपस्थित राहण्यास तयार आहेत त्याची यादी. कोणी काही बोलले नाही. कागद फक्त टेबलावर राहिला. मी उठून निघून आलो, पण माझ्यामुळे काही अडले नाही. कार्यक्रम झाला, वृत्तपत्रांत छायाचित्रेही छापून आली.

पण या सगळ्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट नाशिककरांनी ऐकावी अशी आहे. दादासाहेब फाळके पुरस्कार हा भारत सरकारचा. १९६९ पासून तो दिला जातो. देविकाराणी पहिल्या मानकरी. शांतारामबापू, भालजी पेंढारकर, दुर्गाबाई खोटे, लतादीदी, आशाताई, ही आपली त्यातील माणसे. सुवर्णकमळ, शाल आणि आता पंधरा लाख रुपये, असे त्याचे स्वरूप. हा पुरस्कार वर्षाला साधारणतः एकालाच मिळतो, तोही उभ्या आयुष्याच्या कामासाठी. असे असताना दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास वृत्तपत्रांत बातमी येते: अमक्या नटाला ‘दादासाहेब फाळके पुरस्कार’. नट तिशीतला, कारकीर्द दहा वर्षांची! वाचक चक्रावतो. ते पुरस्कार खासगी मंडळींचे असतात. नावात फाळके, त्याच्या पुढेमागे आणखी दोन-चार शब्द. बातमीत ते शब्द गळतात आणि फाळके उरतात. हे गळणे नेहमी चुकून होते, असे मानायला मी तरी तयार नाही. यात माझ्या व्यवसायबंधूंचाही दोष आहे. हातात आलेले प्रसिद्धिपत्रक तसेच छापण्याची सवय त्यांना लागली आहे.

ज्या माणसाच्या नावाने हे चालते, त्याचे अखेरचे दिवस याच शहरात विपन्नावस्थेत गेले. ‘गंगावतरण’ हा १९३७ चा त्यांचा एकमेव बोलपट कोल्हापूरला झाला, त्यानंतर काम नाही. ज्या धंद्याची मुहूर्तमेढ त्यांनी रोवली, तो धंदा त्यांना विसरून पुढे गेला होता. त्या काळात त्यांना कोणी बाहुली दिली नाही. आज त्यांच्या नावाची बाहुली घेऊन छायाचित्र काढणाऱ्या किती जणांना ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकाच साळुंके यांनी केल्या होत्या हे माहीत असेल?

एक प्रश्न मघाशी चिठ्ठीवर आला आहे, तो घेतो. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा केला आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. मग हा रिमेक नाही का आणि त्याचा पुरस्कार तुम्हाला खटकतो का? चांगला प्रश्न आहे. मला तो खटकत नाही. दिग्दर्शक अत्र्यांच्या चित्रपटाकडे गेला नाही, तो साने गुरुजींच्या पुस्तकाकडे गेला. सुवर्णपदक मिळालेल्या चित्रपटाची रंगीत नक्कल करणे त्याला सोपे होते. त्याने आजच्या काळात कृष्णधवल चित्रपट काढण्याचा धोका पत्करला. वनमालाबाईंची आई माझ्या मनातून जात नाही, हे माझ्या वयाचे दुखणे समजा. पण ज्या मुलांनी मूळ चित्रपट पाहिलेला नाही आणि पुस्तकही उघडले नाही, त्यांच्यापर्यंत श्याम पोहोचवणारा कोणी निघाला, तर त्याला मी बुवाच म्हणेन.

शेवटी एक सूचना. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आपले फाळके स्मारक आहे. तिथे सहली जातात, मुले बागेत खेळतात, डबा खाऊन परततात. फाळके यांच्या चित्रपटांची जी काही रिळे वाचली, ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने जिवापाड जपली, म्हणून आज पाहता येतात. त्यातला १९१९ चा ‘कालियामर्दन’ घ्या. बाळकृष्णाचे काम केले आहे फाळके यांच्या छोट्या मुलीने, मंदाकिनीने. येत्या ३० एप्रिलला इथल्या दोन-चार शाळांनी मिळून तो मुलांना दाखवावा. एक पडदा आणि एक प्रोजेक्टर, यापलीकडे काही लागत नाही. चित्रपट मुका आहे, तेव्हा सोबतीला शाळेतली पेटी आणि तबला चालेल. पूर्वीही चित्रपटगृहात तसेच वाजवत असत. वाजवणारे शिक्षक मिळतील का, हे इथे बसलेल्या मुख्याध्यापक मंडळींनी मला कार्यक्रमानंतर सांगावे, मी थांबलो आहे.